हिंदुरावला मारलेली हाक

दापोडी,
११ नोव्हेंबर १९५६

प्रिय अक्का,
बर्नबाचा सलाम.

अक्षर वेडंवाकडं आलंय. मी उताणा पडून लिहितोय. सुमनने खाटेच्या दोन्ही बाजूंना विटा रचून माझ्या छातीवर एक फळी आडवी टाकली आहे आणि तिला खालून कागद टाचलाय. शाईचं पेन उलटं धरलं की उतरतच नाही, म्हणून पेन्सिल.

तुला आधी कळवलं नाही, रागावू नकोस. दसऱ्याच्या आधीपासून पाठ धरली होती. घण मारणाऱ्याची पाठ, दुखायचीच, असं म्हणून मी तेल चोळत राहिलो. कारखान्याच्या लोहारखात्यात मला दहा वर्षं झाली, माझ्या वाटचा घण कधी दुसऱ्याला उचलावा लागला नव्हता. एक दिवस घण वर नेला आणि खाली आणता येईना. पाय बधिर झाले. शेजारच्या खोलीतला हिंदुराव माझ्याच खात्यात आहे. त्याने आणि आणखी तिघांनी मला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं.

मणक्यांचा क्षय आहे. दोन मणके पोखरलेत. काखेपासून गुडघ्यांपर्यंत प्लास्टर घातलंय. हात हलतात, मान हलते, बाकी मी म्हणजे एक ओंडका. वर्षभर असंच पडायचं. दवाखान्यात तेवढे दिवस खाट देत नाहीत, म्हणून घरी पाठवलं. सुया चालू आहेत, कडू पूड आहे, गोळ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, हाडं जुळतील, पण हललास तर पायांची आशा सोड.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्या आईला छातीचा क्षय होता. माझा हाडातला आहे, तो दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टरांनी सुमनला दोनदा सांगितलंय.

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मला आई म्हणजे तूच. तू गावोगाव फिरून बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवतेस, तुझ्या प्रार्थनेला वजन आहे. माझ्यासाठी कर. मी धीर धरून आहे.

तुझा
बर्नबा


वांबोरी,
२१ नोव्हेंबर १९५६

ख्रिस्तात प्रिय बंधू बर्नबा यास,
राहेलचा सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. वाचून झाल्यावर मी शाळेच्या मागच्या लिंबाखाली गुडघे टेकले आणि अंधार पडेपर्यंत तिथेच होते. आपला देव झोपत नाही, बाळा. तू उताणा आहेस तर तुझं तोंड त्याच्याकडेच आहे, असं समज.

शरीराचं बळ हे गवतासारखं. तुझ्या दंडांचा तुला अभिमान होता, तो मलाही होता. आता देवाच्या बळावर विसंबायला शीक. सकाळी आणि संध्याकाळी स्तोत्र म्हणत जा. लहानपणी तुला पाठ करून घेतली आहेत ती विसरला नसशील. भिंत, तट, किल्ला असं जे जे आपण त्याला म्हणतो ते सगळं अशा वेळेसाठीच आहे.

नाताळ झाला की येते. आत्ता मुलांची गाणी बसवायची आहेत, मिशनच्या मिससाहेबांचा दौराही आहे. सुमनला माझा आशीर्वाद. तिला म्हणावं, दूध, अंडी यांत हयगय नको.

तुझी
अक्का


दापोडी,
१४ जानेवारी १९५७

प्रिय अक्का,
सलाम.

नाताळ होऊन तीन आठवडे झाले. इथल्या ख्रिस्ती मंडळीतली पोरं गाणी म्हणत आमच्या दारापर्यंत आली होती. आत कुणी आलं नाही. दारात उभं राहून गायली, मी छपराकडे बघत ऐकली. तू गाडीत बसलीस की काय, म्हणून सुमन दोनदा स्टेशनावर जाऊन आली.

आता खरं काय ते लिहितो. डिसेंबरपासून सुमन पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात बाटल्या धुवायला जाते. सकाळी सातच्या गाडीने जाते, संध्याकाळी येते. जाताना दाराला बाहेरून कडी घालते. उघडं ठेवलं तर कुत्री येतात. एकदा शेळी आली आणि माझ्या उशाची भाकरी खाऊन गेली, मला तिला हाकलताही येईना. दुपारी हिंदुरावची बायको कौसल्याबाई कडी काढून पाणी पाजते. स्वतःच्या हाताने पाजते, पण तांब्या आमचाच लागतो. त्याचं मला काही वाटत नाही. पाजते, हे पुष्कळ.

बाकी दहा तास मी आणि छपराचे पत्रे. पत्र्याला अकरा नळ्या आहेत, त्यातल्या सातवीला पोचा पडलाय. गेल्या आठवड्यात प्लास्टरच्या आत ढेकूण शिरला. पाच दिवस होता. छत्रीची काडी काखेतून आत घालून मी त्याला शोधत होतो. तुला हसू येईल. मी रडलो, अक्का. तीस वर्षांचा माणूस ढेकणासाठी रडला, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून चादर तोंडात धरली.

स्तोत्र म्हणतो. पण किल्ला, तट हे शब्द आले की माझी जीभ अडते. मी आधीच चार भिंतींत आहे, वर हा पांढरा तट अंगाभोवती आहे. मला आणखी किल्ला नको. पाद्रीसाहेब आले होते, त्यांना हे बोललो. ते म्हणाले, "विश्वास धर." मी म्हटलं, "धरायला हात मोकळे आहेत, साहेब, पण हाताला काही लागत नाही."

तू ये. महिनाभर राहा. काही करू नकोस, नुसती बस. तू असलीस तर दार दिवसा उघडं राहील.

बर्नबा


वांबोरी,
२८ जानेवारी १९५७

प्रिय बर्नबा,
सलाम.

तुझ्या पत्राने मला दुःख झालं, आणि थोडा रागही आला. शास्त्रात कुरकुर करणाऱ्यांचं अरण्यात काय झालं ते तुला मी सांगायला नको. पाद्रीसाहेबांना असं उलट बोलायचं नसतं. देव माणसाला उगाच पाडत नाही, काही शिकवायचं असतं म्हणूनच पाडतो. ते काय आहे हे शोध.

माझं येणं फेब्रुवारीत जमेलसं दिसत नाही. मुलांच्या परीक्षा आहेत. मिससाहेबांचा दौरा लांबला. एका बाळंतिणीकडेही लक्ष द्यावं लागतं. आपल्या मंडळीतले चिमाजी पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवते आहे. मी रोज पहाटे तुझं नाव घेते, हे विसरू नकोस. जवळ असणं म्हणजे काही शेजारी बसणंच नव्हे.

तुझी
अक्का


दापोडी,
९ फेब्रुवारी १९५७

अक्का,

लाडू मिळाले. चिमाजी बाहेरच्या बाहेर कौसल्याबाईंकडे देऊन गेले.

देवाने मला काही शिकवायला पाडलं असेल तर तो फार कडक मास्तर आहे. मला सुट्टी हवी आहे. यापुढे वचनं लिहून पाठवू नकोस. लाडूही नकोत. तुला यायचं नाही हे मला समजलं.

बर्नबा


दापोडी,
१७ जून १९५७

ती. वन्संना,
सुमनचा नमस्कार आणि सलाम.

तुमची दोन पत्रं आली, ह्यांनी उत्तर दिलं नाही. मी लिहिते ते ह्यांना माहीत नाही. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितेय.

औषध लागू पडतंय असं डॉक्टर म्हणतात. ताप नाही. पण मनाचं काही खरं नाही. मी शास्त्र उघडलं की डोळे मिटून घेतात. कूस वळता येत नाही, म्हणून तेवढंच करता येतं. रविवारी मंडळीतलं कुणी आलं की झोपल्याचं सोंग करतात. हिंदुरावदादा तेवढे रोज कामावरून येताना डोकावतात. खात्यात कोण कुणाशी भांडलं, ते सांगतात. तेवढ्यापुरतं हे बोलतात.

परवा मला विचारलं, "सुमन, मी मेलो तर तुला मोकळं वाटेल का?" मी चिडले. म्हटलं, "तुमचं अंग पुसताना मी कधी तोंड वाकडं केलंय?" तर म्हणाले, "नाही केलंस, म्हणून विचारतो." वन्सं, त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांनी दोनदा म्हटलं जेव, मी जेवले नाही.

मला बोलायला येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या तोंडचं ह्यांनी लहानपणापासून ऐकलंय. एकदा या. मे महिन्यात पांढऱ्या लुगड्यातली एक बाई हातात पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी पुष्कळ वेळ उभी होती, असं कौसल्याबाई सांगत होत्या. मला वाटलं, तुम्हीच. मी संध्याकाळी घरी आले तर कुणी नव्हतं.

आपली
सुमन


वांबोरी,
३० जून १९५७

चि. सौ. सुमन हिस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू खचू नकोस. ती बाई दुसरी कोणी असेल. माझं इकडचं काम संपत नाही. प्रार्थना चालू आहे. त्याला जपून खायला घाल.

राहेल


दापोडी,
८ ऑगस्ट १९५७

प्रिय अक्का,
सलाम.

सहा महिन्यांनी लिहितोय. हे पत्र मी दवाखान्यातून लिहितो आहे, पण घाबरू नकोस, मी जिवंत आहे. इथे आडवी फळी नाही, एक नर्सबाई पाटी धरून उभी राहते आणि मधूनच कामाला जाते. म्हणून तुटक वाटेल.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वरती मावळात आठवडाभर पाऊस कोसळत होता. मुळा आणि पवना दोन्ही फुगल्या होत्या, पण आमच्या गल्लीत पाणी कधी आलं नव्हतं. सुमन सकाळच्या गाडीने गेली. कौसल्याबाई सणाला माहेरी कुरुळीला गेल्या होत्या. त्या नसल्या की दुपारी पाणी पाजायला पलीकडच्या यशोदाबाई येतात. त्या दिवशी आल्या नाहीत.

साधारण अकराच्या सुमारास बाहेर पळापळ ऐकू आली. भांड्यांचे आवाज, पोरांचं रडणं, कुणाची तरी शिवी. मला वाटलं, भांडण असेल. मग हळूहळू सगळं शांत झालं. इतकं शांत, की मला कोंबड्यांच्या पंखांचा आवाज येत होता. मागाहून कळलं ते असं. सगळे रुळांच्या भरावावर गेले होते. यशोदाबाईंना वाटलं, मला कारखान्याच्या माणसांनी नेलं. बाकीच्यांना वाटलं, यशोदाबाईंनी कुणाला तरी सांगितलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने नेलं.

दाराखालून पाणी आलं तेव्हा मी ते पाहिलं नाही, मान तेवढी वळत नाही. सुमनच्या वहाणा खाटेच्या पायाला आपटायला लागल्या, त्यावरून समजलं. मग विटा ढासळल्या असाव्यात, कारण फळी तिरकी झाली आणि माझ्या तोंडावर आली. ती बाजूला ढकलली. मग पाठीखालची गोधडी थंड झाली. प्लास्टर भिजायला लागलं की आधी गार लागतं, मग जड होतं, मग मऊ. नऊ महिने मी त्या प्लास्टरला शिव्या दिल्या होत्या. आता ते विरघळतंय म्हटल्यावर माझा जीव गोळा झाला, कारण त्याच्या आत माझे मणके होते.

तू मला पाच वर्षांचा असताना शिकवलेलं स्तोत्र म्हणायला घेतलं. पहिली ओळ आली. दुसरी आठवेना. अक्का, मी ती ओळ हजारदा म्हटली असेल. ती आलीच नाही. मग मी ओरडलो. देवाला नाही. हिंदुरावला. "हिंदुराव, हिंदुराव," एवढंच. किती वेळ, ते सांगता येत नाही. आवाज बसला तरी तेच नाव. पाणी कोपरांपर्यंत आलं होतं.

हिंदुराव कारखान्यातून परस्पर भरावावर आला होता. माणसं बघत हिंडला. त्याने यशोदाबाईंना विचारलं, "बर्नबा कुठं हाय?" त्या दुसऱ्याकडे बघायला लागल्या, तेवढ्याने तो समजला. खात्यातला सोपानराव आणि आणखी दोघे, असे चौघे कंबरभर पाण्यातून आले. दाराबाहेरून त्याचा आवाज आला.

"बर्नबा, हाईस का?"

"आहे," मी म्हटलं.

"मग आता वरडायचं थांब. दार काढतो."

त्यांनी दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि तेच माझ्याखाली सरकवलं. हिंदुराव म्हणाला, "भावा, हलू नगंस." मी म्हटलं, "मला हलता येत नाही." तो म्हणाला, "ते बरंच हाय मग." चौघांनी मला डोक्यावर घेतलं. नऊ महिन्यांनी मी आभाळ बघितलं. पाऊस तोंडावर पडत होता, मिटू नयेत म्हणून मी डोळे ताणून धरले होते. भरावावरच्या लोकांना वाटलं, प्रेत आणलं. एका म्हातारीने हात जोडले. मला हसू फुटलं, तशी ती किंचाळली.

कंबरेखालचं प्लास्टर गेलं. आत जखमा झाल्यात. डॉक्टर म्हणाले, मणके सरकलेले नाहीत, पण जुळत आलेलं कच्चं हाड आहे, भरवसा नको. नवं प्लास्टर घातलंय. पुन्हा सहा महिने पहिल्यापासून. सुमनच्या गाड्या बंद होत्या, ती पिंपरीहून चालत आली. तिने मला आधी मारलं, मग रडली.

आता तुला विचारायचं ते विचारतो. मी तुला वचनं पाठवू नकोस म्हटलं होतं, तरी विचारतो, कारण दुसरं कुणी नाही. मरण समोर होतं तेव्हा मी प्रभूचं नाव घेतलं नाही. हिंदुरावचं घेतलं. आणि तो आला. मी जिवंत आहे म्हणून पाद्रीसाहेब रविवारी उपकारस्तुती करणार आहेत. मला लाज वाटते. हे पाप आहे का?

तुझा
बर्नबा


वांबोरी,
१६ ऑगस्ट १९५७

माझ्या बर्नबा,

तुझं पत्र मी चार दिवस पदराला बांधून हिंडले. उत्तर द्यायच्या आधी मला एक सांगायचं आहे, आणि ते सांगितल्यावर तुला माझ्याकडून उत्तर नको असेल तर राहू दे.

आई आजारी पडली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बाबा उपदेशाला गावोगाव असायचे. शेवटी शेवटी आईला मिशनच्या कंपाउंडमधल्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. तिचं करायला मी होते. रक्त पडायला लागलं आणि मी भ्याले. शेवटचे आठ दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भाकरी ताटलीत घालून काठीने उंबऱ्याच्या आत ढकलायची आणि तुला घेऊन समोरच्याच शाळेच्या ओसरीत निजायची. ती मला हाक मारायची. "राहेल, राहेल." मोठा आवाज नव्हता तिचा. मी तुला मांडीवर घेऊन स्तोत्र म्हणायची, मोठमोठ्याने, म्हणजे हाक ऐकू येऊ नये. ते स्तोत्र तेच, जे मी पुढे तुला शिकवलं. सकाळी ती गेलेली होती. लोक म्हणाले, पोर किती धीराची, आईच्या दाराशी बसून स्तोत्रं म्हणत होती. मी ते खोडून काढलं नाही. त्याच नावलौकिकावर मला पुढे हे काम मिळालं.

मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशी उभी होती ती मीच. सुमनला मी खोटं लिहिलं. दौंडला गाडी बदलली, पुण्याला बदलली, तुझ्या दारापासून वीस पावलांवर आले. बाहेरची कडी दिसली. आतून तू खोकलास, नुसतं घसा खाकरल्यासारखं. माझे पाय मागे फिरले. परीक्षा नव्हत्या, बाळंतीण नव्हती, मिससाहेबांचा दौरा दोन दिवसांचा होता. तुझा रोग लागत नाही हे मला तू आधीच लिहिलं होतंस. मला ते पटलेलंही होतं. भीतीला ते पटत नाही.

तुला मी लिहिलं, विश्वास ठेव, कुरकुर करू नकोस. ज्या खोलीत मी स्वतः शिरले नसते त्या खोलीत पडलेल्याला मी हे लिहीत होते.

तू विचारलंस, पाप आहे का. बाळा, तू हिंदुरावला हाक मारलीस आणि तो पाण्यातून आला. देवाला ती हाक आपल्यालाच मारली असं वाटलं असणार. माझं स्तोत्र त्याला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही.

सोमवारी निघते. भीती गेल्यावर येईन म्हणून मी थांबले होते. अठ्ठावीस वर्षांत ती गेली नाही, ती आता जायची नाही. तशीच घेऊन येते.

राहेल


वांबोरी,
२० ऑक्टोबर १९५७

प्रिय बर्नबा,
सलाम.

सुखरूप पोचले. दौंडला गाडी तीन तास थांबली.

दोन महिने तुझ्याजवळ होते, तेव्हा हे तोंडाने बोलता आलं नाही. मी आले तेव्हा तुला दवाखान्यातून घरी आणलेलं होतं. पहिले तीन दिवस मी तुझ्या उंबऱ्याबाहेर बसले. आत यायला उठायची आणि परत खाली बसायची. कौसल्याबाईंनी विचारलं, "ताई, आत का जात न्हाई वो?" आणि तू आतून म्हणालास, "तिला तिथं वारा लागतो." तू मला त्यांच्यापुढे उघडं पाडलं नाहीस. मला हाकही मारली नाहीस, एकदाही.

चौथ्या दिवशी सुमन कामावर होती. नव्या प्लास्टरची कड तुझ्या मांडीत रुतत होती. मी बाहेरून बघत होते. तू ओठ दाताखाली धरलास, कपाळावर शीर उठली, आणि तरी तू गप्प. तू गप्प का आहेस हे मला कळत होतं. आईने हाक मारली तेव्हा मी गेले नाही, आणि तू हाक मारली नाहीस तेव्हा मी उठले. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. ओलं फडकं घेऊन तुझ्या मांडीखाली हात घातला तेव्हा तूच म्हणालास, "हळू, अक्का, घाई नाही." मी आयुष्यभर देवाच्या बळाबद्दल बोलत आले. त्या दिवशी पायांत जे आलं ते माझं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. ते थोडंच होतं. खाटेपर्यंत पुरण्याइतकंच.

इथे आल्यावर मी मंडळीच्या बायकांना आईची गोष्ट सांगितली, खरी. काही जणी उठून गेल्या. ज्या बसल्या त्यांच्यातल्या एकीने घरी जाताना मला सांगितलं, तिची सासू मागच्या पडवीत पडून आहे. उद्या मी तिच्याबरोबर जाणार आहे.

अक्का


दापोडी,
११ मार्च १९५८

प्रिय अक्का,
सलाम.

हे पत्र टेबलाशी बसून लिहितोय, शाईने. मागच्या महिन्यात प्लास्टर कापलं. आतून जे निघालं ते माझं अंग आहे असं वाटलं नाही, सोललेल्या फांदीसारखे पाय. पहिल्या दिवशी खाटेवर बसवलं तर खोली गरगरली. आता चामड्याचा पट्टा बांधून, काठी आणि एक माणूस धरून, चाळीस-पन्नास पावलं चालतो.

डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हाड जुळलं. पण पाठीला पोक राहणार आणि घण पुन्हा हातात धरायचा नाही. रोग परत उलटू शकतो, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. कारखान्यात मला हत्यारांच्या कोठीवर बसवणार आहेत. पोरं हातोडी मागायला येतील आणि मी काढून देईन. मी उंचीने दोन बोटं कमी झालोय. सुमन म्हणते, बरं झालं, तुमच्याशी भांडताना माझी मान दुखायची.

मला आता विश्वास आहे का, असं तू मधल्या एका पत्रात विचारलंस. सकाळी उठून पाय हलवून बघतो. हलले की "प्रभू, तुझे उपकार" म्हणतो. न हलले तर काय म्हणेन, मला माहीत नाही. भीती वाटते. पण पूर्वी भीती वाटली की मी एकटा असायचो, तसं आता होत नाही. याहून मोठं काही मी लिहिलं तर ते खोटं होईल.

परवा रविवारी उपासनेला गेलो. सुमनची कारखान्यात कामाची पाळी होती, म्हणून हिंदुराव मला धरून घेऊन आला. तो कधी आमच्या मंदिरात आला नव्हता. दाराशी म्हणाला, "आत चालतंय का मला?" मी म्हटलं, "तू नाही आलास तर मी पडेन." मागच्या बाकावर बसलो. कधी उठायचं, कधी बसायचं, त्याला काही कळेना. सगळे बसले तरी तो उभा, मग घाईने बसायचा. पुढची पोरं हसत होती.

शेवटच्या आशीर्वादाला सगळे उठले. मला एकट्याने उठता येईना, तेव्हा त्याने काखेत हात घालून मला उभं केलं आणि हात तसाच ठेवला. पाद्रीसाहेब बोलायला लागले. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले होते, तोल जाऊ नये म्हणून. शेजारी बघितलं तर हिंदुरावनेही डोळे मिटले होते, घट्ट, आणि माझा सगळा भार त्याच्या एका हातावर होता.

तुझा
बर्नबा